लाईन गेली, तरी काटा ऐंशीवरच

इथले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. चकवा, अंगात येणं, रस्त्यात दिसलेली बाई... यातलं काही मी मानलं नाही, आजही मानत नाही. आमचं घर बौद्ध. उतारा, अंगारा, नवस हे शब्दच घरात नव्हते. त्यातून मी मेकॅनिकलची डिप्लोमावाली. त्यामुळे हे लिहू की नको यात कितीतरी वर्षं गेली. पण जे झालं ते भर दिवसा, माझ्यासकट आठ-दहा जणींसमोर झालं. म्हणून लिहितेय.

ठिकाण अकोल्याची एमआयडीसी. कापसाने आमच्या भागाचं कंबरडं मोडलं होतं आणि पेपरच्या पहिल्या पानावर रोज वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्येचीच बातमी असायची, तो काळ. तिथे नसरीन आपांचा फायबरचा छोटा कारखाना होता, मी त्यात कामाला होते. नवरा, सलीमभाई, गेल्यावर त्यांनी तो एकटीने चालवला. फवारणीपंपाची झाकणं, पेरणीयंत्राच्या पेट्या असा माल निघायचा. पण शेतकरीच थांबला तर पेरणीयंत्राच्या पेट्या घेणार कोण? दर्यापूर, तिवसा, सगळीकडच्या दुकानदारांनी माल उचलणं बंद केलं. कामावरच्या बायकांना आपा एक दिवसाआड बोलवायला लागल्या. त्यातल्या निम्म्या बायकांचं घर त्याच मजुरीवर चालायचं.

अशात एका कंपनीकडून मोठ्या ऑर्डरची चौकशी आली. मोठ्या कारखान्यांत गरम पाणी थंड करायचे उंच मनोरे असतात ना, त्यांच्या माथ्यावर फिरणाऱ्या पंख्याची पाती हवी होती. माणसापेक्षा लांब एकेक पातं. ग्लासच्या, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या, कापडाचे थर रेझिन या चिकट रसायनात भिजवून साच्यात बसवायचे आणि मग पातं विजेच्या भट्टीत ऐंशी डिग्रीवर चार तास शेकायचं. सलग. मध्येच भट्टी थंडावली तर आतलं रेझिन कच्चं राहतं आणि पातं फिरता फिरता वाकतं.

एका नगाला किती हात लागतील, किती वेळ लागेल, हे काढायचं काम माझं. बाकीच्या कारखान्यांनी जास्त माणसं लावून वेळ कमी दाखवला होता. मला कळत होतं की माणसं वाढवून काही होत नाही, सगळं अडतं ते भट्टीपाशी. म्हणून मी पाती भट्टीत आडवी न ठेवता उभी टांगायची ठरवली, म्हणजे एका वेळी दोन मावतात. ती शेकत असतानाच बाहेर पुढच्या दोन पात्यांचे थर चालू. आणि हे सगळं लोडशेडिंगच्या वेळापत्रकात बसवलं, कारण जनरेटर आमच्याकडे नव्हता. माझा अंदाज इतरांच्या जवळपास निम्म्यावर आला.

कंपनीने तपासायला सोनटक्के म्हणून साहेब पाठवले. शांत माणूस, पण नजर अशी की आपण काहीतरी लपवतोय असं आपल्यालाच वाटावं.

"कागदावर छान आहे, मॅडम," ते म्हणाले. "आता माझ्यासमोर करून दाखवा."

मे महिना होता. पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. बायकांनी पहाटेच थर घालून ठेवले होते. पाती भट्टीत टांगली, दार लावलं, तापमानाचा काटा ऐंशीला पोचला. साहेबांनी घड्याळ लावलं. तासभर सगळं सुरळीत... आणि लाईन गेली. वेळापत्रकात नसताना. बाहेर जाऊन पाहिलं तर अख्ख्या एमआयडीसीत शुकशुकाट.

ती भट्टी सलीमभाईंनी बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या पत्र्यातून बनवलेली, दार गळकं. लाईन गेली की काटा कसा भराभर उतरतो हे मी कितीदा तरी पाहिलं होतं. आपांकडे बघितलं. त्या बायकांना म्हणाल्या, "हात थांबवू नका. पुढचे थर चालू ठेवा." मग मला हळूच, "जाऊन पाह्य तर खरं. इथं उभी राहून काय करतं?"

गेले. काटा ऐंशीवर.

काच ठोकून पाहिली. ऐंशीच. काटा अडकला असेल म्हणून भट्टीच्या वरच्या झरोक्यापाशी ग्लासच्या कापडाची चिंधी धरली. चिंधी फडफडायला लागली. आतून गरम वारा येत होता, जसा भट्टीतली हवा फिरवणारा पंखा चालू असताना येतो. आणि पंख्याची ती घूंऽऽ अशी घरघर... ती पण येत होती. मी मागे जाऊन पंख्याचा पट्टा हातात धरला. पट्टा थांबलेला होता. धरलेला असतानाही आवाज येतच होता.

सोनटक्के साहेब मागे येऊन उभे होते. त्यांनी बॅगेतून स्वतःचं थर्मामीटर काढलं, झरोक्यातून आत सोडलं. तेही ऐंशी. मग ते मेन स्विचपाशी गेले, फ्यूज काढले आणि शर्टाच्या खिशात टाकले. भट्टीभोवती फेरी मारली, मागची भिंत, वरचा पत्रा, खालची फरशी, सगळीकडे वायर शोधली. शेवटी भट्टीसमोर स्टूल ओढून बसले. कपाळावरचा घामही पुसला नाही त्यांनी.

तसे आम्ही बसलो. बायका थर देत होत्या, रोलर फिरत होते, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त वाटत होतं की थांबू नये, एवढं पूर्ण होऊ दे. कुणाला म्हणत होते, माहीत नाही.

चार तास भरले. साहेबांनी घड्याळाकडे बघून मान वर केली, आणि आमच्या डोळ्यांसमोर काटा उतरायला लागला. नेहमीसारखा, भराभर. घरघर थांबली. चिंधी लोंबली.

पाती काढली. साहेबांनी कडकपणा मोजायचं यंत्र टोकापासून बुडापर्यंत लावलं. वाळूची पोती टांगली, काढली. पातं सरळच्या सरळ. तरी त्यांचं समाधान होईना. एक पातं मधोमध कापायला लावलं. कापलेल्या तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवून पाहिलं. आतपर्यंत पक्कं होतं.

खिशातले फ्यूज काढून त्यांनी माझ्या हातात दिले. "रिपोर्टमध्ये काय लिहू, मला समजत नाही. पातं पास आहे. तेवढं लिहितो."

ऑर्डर मिळाली! माझ्याच वेळांवर मिळाली. बायका रोज यायला लागल्या, नंतर आणखी घ्याव्या लागल्या. जनरेटर आला. माझा अंदाज पुढच्या एकाही खेपेला चुकला नाही, हे मी जरा मिरवूनच सांगते.

नंतर आम्ही मुद्दाम प्रयोग केले. तशीच गरम दुपार, तशीच दोन पाती, मेन स्विच बंद. दरवेळी काटा उतरला. कॉलेजातल्या सरांना विचारलं. रेझिन घट्ट होताना स्वतःची थोडी उष्णता सोडतं, हे ते म्हणाले आणि मलाही माहीत होतं. पण एवढी भट्टी इतका वेळ? आणि वारा? कामावरची एक बाई मोझरीला महाराजांच्या समाधीपाशी जाऊन नारळ फोडून आली. दुसरी म्हणाली, सलीमभाईच आले होते. आपांना ते पटलं नाही. "ते आले असते तं पयले दार दुरुस्त केलं असतं," म्हणाल्या.

पाती बसवल्यावर साहेबांनी आम्हा दोघींना ती बघायला बोलावलं. मनोऱ्याच्या जिन्याने वर गेलो. पंखा सुरू झाला तसा आपांचा दुपट्टा उडून माझ्या तोंडावर आला. आवाजात काही ऐकू येईना. त्या माझ्या कानाशी तोंड आणून ओरडल्या, "आपलीच हायेत ना वो?"

"आपलीच," मी ओरडले. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत उभ्या राहिलो.

त्या दिवशी भट्टी कशावर तापत राहिली, ते मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. पाती मात्र अजून फिरतायत.