बाटलीतलं गार पाणी

परभणी स्टेशनात अमृतसरची गाडी लागली तेव्हा आईनं माझ्या पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कोंबली. अण्णा खिडकीचे गज धरून म्हणाले, "पोरी, तिकडं पान्याची फिकीर न्हाई. पहाडाचं पानी हाय, डोळे झाकून पी."

पिंगळी गावातल्या आमच्या बोरच्या पाण्याचा भांड्यांवर पांढरा थर बसतो, डाळ लवकर शिजत नाही. त्यामुळे हिमाचलचं पाणी अण्णांना तीर्थासारखंच वाटायचं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मलाही वाटायचं. औषधांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेची नोकरी लागली होती, म्हणून मी चालले होते.

कारखाना डोंगराच्या कुशीत होता. खाली ओढा वाहायचा. तिकडे त्याला 'खड्ड' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रस्त्यातला खड्डाच आठवला. मी कमला आंटींकडे खोली घेतली. त्या विधवा, दोन गाई सांभाळणाऱ्या. ओढ्याकाठच्या दगडी बावडीतून, म्हणजे झऱ्याच्या छोट्या विहिरीतून, त्या माझ्यासाठीही पाणी भरायच्या. मी डोळे झाकून प्यायले, आणि घरी फोन करून त्याची गोडी सांगितली.

कारखान्यातून ओढ्यात सोडायचं सांडपाणी तपासून रिपोर्टवर सही करणं हे माझं काम. नमुन्याच्या बाटल्या रोज सकाळी टेबलावर येऊन पडायच्या. आकडे चांगले यायचे. आठ महिने मी सह्या केल्या.

एका सकाळी बाटली आल्या आल्या हातात घेतली आणि तळवा गारठला. टाकीतून निघणारं सांडपाणी कोमट असतं, ही बाटली मात्र बर्फासारखी. झाकण उघडून वास घेतला. शेवाळाचा वास, बाकी काही नाही. त्या दिवशी मी सही केली, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मग प्रत्येक गोष्ट खटकायला लागली. बाटल्या आणणारा माणूस माझ्याकडे बघत का नाही? आंटींच्या हातांची सालं का निघतात? त्या म्हणायच्या, "साबुन खराब है." त्यांची गाय ओढ्याला तोंड लावून मागे फिरायची, तेही मी मोजायला लागले.

शेवटी एक दिवस रजा टाकली आणि आंटींबरोबर गवताला जायचं निमित्त करून पुलापाशी बसले. बाटल्यांचा माणूस आला. पुलाच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी नितळ होतं, तिथे त्यानं बाटल्या भरल्या आणि निघून गेला. कारखान्याचा पाइप पुलाच्या खालच्या अंगाला होता, झुडपात. मी तिथून बाटली भरली. ती कोमट होती.

दुसऱ्या दिवशी ती तपासली. आकडे बघून मी तपासणी पुन्हा केली. कारखान्यात वापरायची सॉल्व्हंटं, औषधं विरघळवायची रसायनं, त्या पाण्यात होती. मग पाइपाच्या खालच्या अंगाला असलेल्या बावडीचं पाणी तपासलं. त्यातही. आठ महिने मी तेच पीत होते आणि वर सह्या करत होते.

मी आकडे मॅनेजरांसमोर ठेवले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आप बाहर की हैं. साइन कीजिए, घर जाइए." मी सही केली नाही.

संध्याकाळी आंटींना सांगितलं, तर त्या माझ्यावरच उखडल्या. "कल तक तू ही बोलती थी पानी मीठा है. कंपनीने भेजा है तुझे? बावडी बंद करानी है?" त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. बाटल्यांवर संशय घ्यायला शिकलेली मी आता दुसऱ्यांच्या संशयाखाली जगत होते. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. कागदांवर सही माझीच होती.

मी राजीनामा दिला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार लिहिली. त्यात आधीच्या रिपोर्टांच्या नकला जोडल्या. 'या सह्या माझ्या आहेत, आणि त्या खोट्या पाण्यावर झाल्या आहेत,' असं स्वतःच लिहिलं. बरेच दिवस कोणी आलं नाही. मग मंडळाचे अधिकारी आले, गावकऱ्यांसमोर पाइपाखालून बाटल्या भरल्या. पाइप बंद झाला, गावाला वरच्या झऱ्याची नळजोडणी मिळाली. कारखाना सुरू आहे. पाइप खरंच बंद आहे की दुसरीकडून निघालाय, हे मला अजूनही ठाऊक नाही. म्हणून मी परतले नाही. जवळच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि दर महिन्याला ओढ्यावर जाते.

दिवाळीत पिंगळीला गेले. अण्णांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी तो उजेडात धरला. त्यांचा चेहरा उतरला. तरी मी बोरचं पाणी परभणीच्या माझ्या जुन्या कॉलेजात नेऊन तपासलं. शेतातल्या युरियाचं नायट्रेट पिण्याच्या मर्यादेच्या वर होतं. तान्ह्या लेकरांना ते जास्त बाधतं, हेही मी घरी सांगितलं.

"आमी जन्मभर हेच पिलाव," अण्णा चिडले. "काय झालंय आमाला? तिकडं जाऊन तुला समद्यातच इख दिसायलंय!"

आई चुलीपासून म्हणाली, "दिसायलंय तर बघू द्या की तिला. सूनबाईचं लेकरू हेच पानी प्यायलंय."

अण्णा तडक उठून शेतात निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र चपला घालून शेजारच्या तीन घरांत गेले आणि त्यांच्या बोरचं पाणी घेऊन आले.

माझ्यासारख्या गाव सोडलेल्यांना कुणी विचारतं, घर कुठलं? पूर्वी मी पटकन पिंगळी म्हणायचे. आता थांबते. आंटी पुन्हा बोलायला लागल्यात. नव्या नळाचं पाणी त्या आधी माझ्यासमोर ठेवतात आणि मी मान हलवेपर्यंत घोट घेत नाहीत. तिकडे अण्णा फोनवर तक्रार करतात की, तुझ्यामुळे गावभर लोक मला पाण्याचं विचारायलेत. दोन्हीकडे माझा जीव अडकलाय, आणि दोन्हीकडच्या पाण्यावर माझा विश्वास नाही. परक्या गावाच्या पाण्यावर एवढा संशय मी कधी घेतला नसता; ही दोन्ही घरं माझीच आहेत.