आई कानडीत गेली तो दिवस

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. त्या दिवशी धड्यात ‘नॅचरलाइझ’ हे क्रियापद आलं होतं. परक्या माणसाला रीतसर आपल्या देशाचा करून घेणं, हा त्याचा अर्थ. बाहेरून आलेलं झाड इथल्या मातीत आपोआप वाढायला लागलं, तरी हाच शब्द वापरतात. इंग्रजीनं तो फ्रेंचमधून घेतला, पण मुळाशी आहे लॅटिनमधलं ‘जन्मणं’. मी मुलांना उदाहरण आईचं दिलं. ती निपाणीच्या पलीकडच्या खेड्यातली, कानडी घरातली. लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि पार इथलीच झाली. आम्हा मुलांशी ती कधी कानडीत बोललीच नाही.

वर्गाबाहेर आलो तोच बायकोचा फोन आला.

“आई कायतरी येगळंच बोलाय लागल्यात. मला कळंना झालंय. दवाखान्यात न्यायलोय, तुम्ही तिकडंच या.”

पोचलो तेव्हा आईचा उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टर विचारत होते, “आजी, काय होतंय?” ती उत्तर देत होती, पण सगळं कानडीत.

“आई, मी हाय की,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “अंजब्याड.” पुन्हा पुन्हा तेच. तिला दुखतंय, की पाणी हवंय, की मी कोण ते विचारतेय? माझी आई माझ्यासमोर होती आणि तिचं एक अक्षर मला कळत नव्हतं.

मी गावाकडं मामाला फोन लावला आणि तिच्या तोंडाजवळ धरला. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग मला म्हणाला, “आरं, ती तुलाच सांगतीया. भिऊ नको म्हणती.”

मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. औषधं वेळेत मिळाली. हळूहळू हात हलायला लागला, आणि मराठीही परतली, आधी नुसतं ‘व्हय’ आणि ‘न्हाय’. पण डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, असा झटका पुन्हा येऊ शकतो.

आता मी मामाकडून फोनवर कानडी शिकतो. तहान, दुखणं, चक्कर, हे शब्द आधी पाठ केले. माझे उच्चार ऐकून आई खुदकन हसते. तिला झोपेतून उठायला जरा उशीर झाला, तर मी अजून दारातच थांबतो. आत जाऊन हाक मारायचा धीर होत नाही.