दाढ भरली त्या दिवशी

दातांच्या डॉक्टरांवर माझा मुळीच विश्वास नाही. तोंडात दोन्ही हात घालून हे लोक प्रश्न विचारतात आणि उत्तर आलं नाही की तो होकार समजतात. पण थंड पाणी लागलं की कळ कानापर्यंत जायला लागली, तेव्हा एका सकाळी आईच म्हणाली, "जा आज, भरून ये ती दाढ. सारखा गाल धरून बसतोस."

घरात आता आम्ही दोघंच. बाबा उन्हाळ्यात गेले. तेव्हापासून आई रडली नव्हती. मीही नव्हतो रडलो, पण काळजी तिची होती. ती उठायची, कुकर लावायची, बाबांच्या धुतलेल्या शर्टांना पुन्हा इस्त्री करून कपाटात ठेवायची. झोप नाही, जेवण चिमणीएवढं. चिक्कडपल्लीतल्या आमच्या शेजारणी मला जिन्यात गाठून सांगायच्या, तिला एकदा रडू दे, नाहीतर अंथरूण धरेल. मला भीती वाटायची. बाबांच्या मागोमाग तीही जाईल, अशी सरळसरळ भीती.

त्यात आमच्या घरचा एक रिवाज होता. एकानं रडायचं, दुसऱ्यानं पाणी आणायचं. रडणारे नेहमी बाबा. कुणाचंही लग्न असो, मुलीच्या आईआधी त्यांचे डोळे भरून यायचे. आई मुकाट्यानं उठायची, तांब्या-भांडं आणून म्हणायची, "घ्या, प्या." जन्मभर तिनं पाणीच आणलं. आता रडणारा माणूसच गेला, तर तिनं करायचं काय?

हिमायतनगरच्या दवाखान्यातली डॉक्टर माझ्या निम्म्या वयाची निघाली. "दर्द हुआ तो हात उठाओ, अंकल," म्हणाली. अंकल! तिनं हिरडीला काहीतरी गोडसर चोळलं, मग सुई टोचली. थोड्या वेळानं खालचा ओठ, हनुवटी, अर्धी जीभ, काहीच माझं राहिलं नाही. ओठाच्या जागी कुणी मेदूवडा चिकटवलाय असं वाटत होतं. मग ते ड्रिल सुरू झालं. दुखलं मात्र अजिबात नाही, हे खरं. नुसते हादरे, पाण्याचा फवारा, जळका वास आणि गालात अडकवलेली लाळ ओढणारी नळी. कीड कोरून झाल्यावर तिनं खड्ड्यात मसाला भरला, निळा दिवा धरून तो घट्ट केला. रंगीत कागद चावायला दिला, उंच लागत होतं तेवढं घासून टाकलं.

"सुन्न है तब तक कुछ चबाना नक्को. गाल कटा तो भी मालूम नहीं होता," तिनं बजावलं. मी मान हलवली. उन्हाळ्यापासून माझं असंच चाललं होतं, पण ते तिला कुठे सांगत बसू.

रस्त्यावर आलो तोच आईचा फोन. "झालं का रे?"

"झालं, निघतोय," असं म्हणायचं होतं. निघालं ते ओलं, लोळागोळा झालेलं काहीतरी. ओठ मिटेना, लाळ आवरता आवरता नाक ओढलं गेलं. एखादा मोठा माणूस हुंदके देतोय, असं माझं मलाच ऐकू आलं.

आई म्हणाली, "पाणी पी आधी." पण फोनवरून पाणी आणून देता येत नाही. तिचा आवाज फाटला आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, मी कधीच ऐकलं नव्हतं असं. कपड्यांच्या दुकानासमोर मी फोन कानाला लावून उभा राहिलो. बोलता येत नव्हतं तेच बरं. आलं असतं तर "रडू नको" असलं काहीतरी मूर्खासारखं बोलून बसलो असतो.

ऑटो करून घरी आलो. ती बाबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती, डोळे सुजलेले, अजून मुसमुसत. मी आत जाऊन तांब्या-भांडं आणलं. "घे, पी," कसंबसं म्हणालो. तिनं अर्धं पाणी पिऊन भांडं माझ्याकडे दिलं. मी तोंडाला लावलं तर पाणी हनुवटीवरून थेट शर्टावर. तिनं पदरानं पुसलं.

"सुन्न आहे अजून?"

"हो. आई, मघाशी मी रडत नव्हतो गं. त्या इंजेक्शनमुळे आवाज..."

"हौ रे, ठाऊक आहे. मीच नाही का पाठवलं तुला?" तिनं पदराचा ओला कोपरा पिळला. "पण हे गेल्यापासून मी वाट बघत होते, तू कधी रडतोस त्याची."

दाढ हळूहळू ठणकायला लागली होती. मी तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तांब्या भरून आणायला आत गेली.