शोभाचा पिवळा घागरा

हे मी आजवर कुणालाच पूर्ण सांगितलेलं नाही. अर्धं सांगितलं — गेल्याच महिन्यात. आणि अर्धं सांगून जे झालं, त्यामुळेच आज लिहायला बसले आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही दिसत नाही.

सुरुवात कुठून करू? माझ्या कुर्त्यापासून करते. तो काखेत उसवला होता. मनीषनगरात आमच्या घराजवळ जो शिंपी आहे, त्यानं तो हातातही घेतला नाही. "इतकं छोटं काम नाही करत मॅडम," म्हणाला. पन्नाशी उलटलेली बाई मी — नोकरी केली, दोन मुलं वाढवली — आणि मला साधी गाठ मारून टाका घालता येत नव्हता. घरात कुणी शिवायला बसलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जायची. का जायची, ते येईलच पुढं.

माझी धाकटी बहीण शोभा धरमपेठेत राहते. शनिवारी दुपारी ती पुढच्या खोलीत हातशिलाई शिकवते — फाटलं-उसवलं घरच्या घरी नीट कसं करायचं, एवढंच. कॉलेजच्या मुली येतात, एक रिटायर्ड काका येतात. मी कुर्ता घेऊन गेले, तर म्हणाली, "मी नाही शिवून देणार, ताई. बस त्यांच्यात."

बसले. दोरा हातभरच घ्यायचा, जास्त घेतला की गुंततो, हे तिथं कळलं. माझा धावदोरा खडूची रेघ सोडून भलतीकडेच जायचा. उसवायचं, पुन्हा घालायचं. काका माझ्यापेक्षा बरे होते. पण खरं सांगू? इतकं निवांत मला फार वर्षांत वाटलं नव्हतं. कूलरची घरघर, मांडीवर कापड, मधेच आईच्या हातचा चहा. कुर्ता शेवटी शिवून झाला, तो घालून मी ऑफिसात गेले आणि हात वर करून दोघीतिघींना काख दाखवली. हसल्या त्या. मला काही वाटलं नाही.

आई शोभाकडेच राहते. क्लासच्या वेळी दिवाणावर बसलेली असते, आणि कुणी नवीन आलं की सांगते, "माह्या हातानं हिचा घागरा फाटला होता. मले शिवता आला नाही, म्हणून ही शिकली." हसत सांगते. पण सांगून झालं की आपल्याच तळहातांकडे पाहत राहते. ते पाहणं — ते फक्त मला दिसायचं का? की शोभालाही?

तेव्हा आम्ही महाल भागात दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मी सातवीत, शोभा पाचवीत. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आम्ही दोघी दरवर्षी नाचायचो. त्या वर्षी बाईंनी मला काढलं — माझे पाय तालावर पडत नाहीत म्हणाल्या — आणि शोभाला पुढच्या रांगेत घेतलं. आईनं आपली ठेवणीतली पिवळी साडी देऊन तिचा घागरा शिवून आणला. गॅदरिंगच्या दुपारी तिनं तो इस्त्री करून खाटेवर पसरला आणि गजरा आणायला गेली. शोभा मोरीत तोंड धूत होती. खोलीत मी होते.

आई परत आली तेव्हा घागरा कमरेपासून गुडघ्यापर्यंत उघडा पडला होता, खाटेच्या खिळ्याला अडकून. आईनं खिळा पाहिला, मग स्वतःचे हात. "मीच ठेवला वं इथं," म्हणाली. "मीच." घरात होता तो पांढरा दोरा घेऊन ती बसली. तिला शिवायची सवय नव्हती. कापड चुण्या पडून गोळा झालं. शोभा रडत म्हणाली, "तुले साधं शिवताबी येत नाही." आई टाके उसवू लागली. मी दाराशी उभी होते. तेव्हा बोलता आलं असतं की नाही मला?

शोभा घरी राहिली. तिच्या जागी दुसरी मुलगी नाचली. मी गेले गॅदरिंगला. टाळ्याही वाजवल्या.

त्या उन्हाळ्यात शोभा शेजारच्या काकूंकडे शिवण शिकायला जाऊ लागली. म्हणजे माझ्यामुळे तिचं भलंच झालं, असं कुणी म्हणेल. मी स्वतःशी म्हणून पाहिलंय. ते तिनं केलं, मी नाही.

गेल्या महिन्यात क्लासला एक नवी मुलगी आली आणि आईनं पुन्हा ते सुरू केलं. मी नवऱ्याची पॅन्ट खालून दुमडून शिवत होते. मान वर न करता म्हटलं, "आई, तो तुझ्या हातानं नव्हता फाटला. माझ्या हातून फाटला."

"तुह्या?" आई म्हणाली. "मंग काहून नाही सांगितलं वं?"

"भीती वाटली."

आई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "बाप्पा. अन् मी इतके वर्षं त्या खिळ्याले शिव्या देऊन राहिली. लहान होती तू. गेला असंन अटकून कुठं."

आणि मी — मी "हो" म्हटलं. शोभानं माझ्या हातातली पॅन्ट घेतली, उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "टाके आता एका मापाचे पडून राहिले तुझे, ताई." तिच्या मनात काय होतं, मला माहीत नाही.

तेव्हापासून आई मोकळी झाली आहे. ती गोष्ट आता सांगत नाही. मी दर शनिवारी जाते, रफू शिकते आहे, घरी येताना खुशीत असते. हेही लपवत नाही — मी खरंच खुशीत असते.

पण घागरा कुठं अडकला नव्हता. पेन्सिलीला टोक करायचं अर्धं ब्लेड माझ्या कंपासपेटीत असायचं. मी घागरा मांडीवर घेतला आणि कमरेपासून खाली कापत नेला. सावकाश, कारण कापड निसटत होतं. मग कडा जरा ओढून विस्कटल्या, म्हणजे फाटल्यासारखं दिसेल. मग तो खिळ्याला लावला. खाटेवर तो आईनं ठेवला होता, तेव्हा दोष तिच्यावर जाईल, हे मला कळत होतं. बारा वर्षांच्या मुलीला ते कळतं. शोभानं पुढच्या रांगेत नाचू नये, एवढंच मला हवं होतं. आणि ती नाचली नाही.