घरात फक्त मलाच माहीत नव्हतं

आमचं वर्ध्याच्या बाजारात मसाल्याचं दुकान आहे. वडिलांच्या मागे ते मी आणि माझा मोठा भाऊ चालवतो. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. गिऱ्हाईक मी सांभाळायचो, माल तो पारखायचा. पोत्यातले मूठभर धने तळहातावर चोळून नाकाशी नेले की एकच शब्द बोलायचा, "ठेव" नाहीतर "परत". वायगावकडून हळद आणणारे शेतकरीसुद्धा त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहायचे.

एका उन्हाळ्यात त्याने "ठेव" म्हटलेल्या धन्यांना कुबट वास निघाला. मुलीच्या लग्नासाठी पाच किलो नेलेल्या बाई दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन परत आल्या. मी धने हुंगले आणि भर दुकानात दादाला म्हणालो, "नाक कुठं ठेवून आलास?"

त्याने बाईंचे पैसे परत केले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

त्यानंतर मला त्याचं सगळंच खटकायला लागलं. पुडी बांधायला तो दुप्पट वेळ लावी. इतकं हळू बोले की गिऱ्हाईक दोनदा विचारी. डावा हात सदा खिशात. मी काही गमतीचं सांगितलं तरी हसायचा नाही. मला वाटलं, याचं दुकानातून मन उडालंय, माझ्यावरूनही उडालंय. रोज जेवताना मी बायकोजवळ हे बोलायचो. ती मान खाली घालून भाजी वाढायची.

माझी ब्लडप्रेशरची गोळी बस स्टँडजवळच्या मेडिकलमधून येते. एक दिवस दुकानदार म्हणाला, "भाऊंच्याही गोळ्या घेऊन जा. या महिन्यात आलेच नाई ते."

"कायच्या गोळ्या?"

"कंपवाताच्या. दोन वर्षं होत आले, इथूनच तं नेऊन राह्यले." माझ्याकडे पाहून तो थांबला. "तुमाले माहीत नाई?"

"माहीत आहे," मी म्हणालो आणि गोळ्या घेतल्या.

घरी आलो. दादा ओसरीवर बसला होता, वहिनी तांदूळ निवडत होती. मी गोळ्यांची पट्टी त्याच्यापुढे ठेवली. वहिनीचा हात सुपातच थांबला. आतून माझी बायको दारात आली. पट्टी पाहिली आणि तिने विचारलं नाही की हे काय आहे. मला तेव्हाच कळलं.

"तुले माहीत होतं?"

"ताईंनी शपथ घातली होती," ती वहिनीकडे पाहत म्हणाली.

दादाच्या पुण्यातल्या मुलालाही माहीत होतं. दोन वर्षं मी या माणसाला पाय उचल, तोंड उघड म्हणून टोचत होतो, आणि घरातले सगळे ते ऐकत होते. एकानेही माझं तोंड धरलं नाही.

"काऊन नाई सांगितलं मले?"

दादाने खिशातला हात काढून मांडीवर ठेवला. पहिल्यांदाच मी तो नीट पाहिला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली जात होती, धने पारखताना चोळावी तशी.

"बाबांचे हात लटपटाले लागले तवा तू काय म्हनला होतास?" तो म्हणाला. "म्हनला होतास, गिऱ्हाईक पाह्यते, बाबा, आता तुमी घरीच बसा. ते बसले. आठ महिन्यांत गेले."

"मी त्यांच्या भल्यासाठीच म्हणलं होतं."

"माह्यासाठीबी तसंच म्हनला असतास."

 त्या रात्री मी जेवलो नाही. माझ्याच घरात माझ्यापासून जपून राहावं लागतं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आणि मला ते मेडिकलवाल्याकडून कळलं.

पुढच्या तपासणीला मी सोबत गेलो. मेंदूच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी सांगितलं की वास जाणं, पोट साफ न होणं हे कंपाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं. चेहरा हलत नाही तोही आजारच, रुसवा नव्हे. मी खाली पाहत राहिलो.

"पण मेंदूत होते काय?" मी विचारलं.

"हालचाल सुरळीत ठेवणारं एक रसायन ज्या पेशी बनवतात, त्या हळूहळू मरतात," त्या म्हणाल्या. "मेंदूत राखण करणाऱ्याही पेशी असतात. घाण उचलायची, जंतू आले तर लढायचं, हे त्यांचं काम. या आजारात त्या चवताळतात आणि शांतच होत नाहीत. त्याला आम्ही मेंदूतली सूज म्हणतो. त्या सुजेत शेजारच्या चांगल्या पेशीही होरपळतात. आधी सूज की आधी पेशी मरणं, हे अजून पक्कं कुणाला ठाऊक नाही. दोन्ही एकमेकांना वाढवतात असं दिसतं."

"म्हंजे जाळनारे घरचेच," दादा म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

परतताना ऑटोत मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं की यापुढे काही लपवायचं नाही. "नाई लपवत, लहान्या," तो म्हणाला. मी त्याला दुकानातून उठवणार नाही, हे मीही कबूल केलं.

दीड महिना बरा गेला. मग तो पांढराफटक दिसायला लागला. दोन पायऱ्या चढला की धाप लागायची. एका सकाळी वहिनीने सांगितलं की त्याला शौचाला काळं होतंय, चार दिवस झाले. मी त्याची उशी उचलली तर खाली गुडघेदुखीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली. वहिनीच्या गोळ्या होत्या. तिला वाटत होतं, आपणच मोजायला चुकतो.

"हे काय हाय?"

"सूज उतरवाच्या गोळ्या हायत," तो म्हणाला. "तिच्या गुडघ्याची उतरते. म्हनलं, डोक्याचीबी उतरंन."

रोज दोन, उपाशीपोटी. पोटात जखम होऊन आतून रक्त जात होतं. पाच दिवस दवाखान्यात काढले, दोन बाटल्या रक्त चढलं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच रागावल्या. मेंदूतली सूज ही गुडघ्यासारखी नसते, म्हणाल्या. तिच्यावर अशा गोळ्या चालतात हे सिद्ध झालेलं नाही, त्यावर शोध चालू आहे, आणि तोवर कुणी आपल्या मनाने औषध घ्यायचं नाही.

दवाखान्यातल्या खाटेशी बसून मी त्याला म्हणालो, "कबूल केलं होतंस."

"सांगितलं असतं तं तू घेऊ देल्या नसत्या."

"नसत्याच देल्या."

"मंग?" तो म्हणाला. "मले बरं व्हाचं होतं. तुले काय ठाऊक, वास नसला म्हंजे कसं लागते ते. भाकर खातो तं मातीवानी लागते."

इतकं सलग तो बऱ्याच दिवसांत बोलला नव्हता. मी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. राग होताच, पण त्याच्यापुढे काढावा असा उरला नव्हता.

आता तो सकाळी तीन तास दुकानात येतो. गिऱ्हाईक हातांकडे पाहतं, पाहू दे. माल मी हुंगतो आणि कसा आहे ते त्याला शब्दांत सांगतो. तो प्रश्न विचारतो: ओल आहे का, गवतासारखा येतो का, घशाशी झोंबतो का. मग "ठेव" म्हणतो. गोळ्यांचा डबा माझ्याकडे असतो. बायको कधी विचारते, आम्ही लपवलं ते अजून मनात आहे का? मी नाही म्हणतो. पण घरात दोघं हळू आवाजात बोलत असले की मी अजूनही दाराशी थबकतो.