उजवीकडचा मनोरा

ॲमस्टरडॅमजवळ हूफडॉर्पला आमच्याकडे आलेल्या बाबांना मी पवनचक्क्या दाखवल्या, ट्युलिपची बाग दाखवली, हार्लेमचं मोठं चर्च दाखवलं. सगळीकडे ते "छान आहे" म्हणाले आणि घरी आल्यावर विचारायचे, "मेघा, माझी इमारत कधी?" २००५ चा मे महिना, परतीचं विमान तोंडावर आलेलं. शेवटी मी ऑफिसात रजा टाकली.

बाबांची इमारत म्हणजे ॲमस्टरडॅमचा जुना शेअर बाजार. बाबा पुण्यात आर्किटेक्चर शिकवायचे आणि त्यांचं एक लेक्चर एकाच सालावर असायचं, एकोणीसशे तीन. मुंबईत समुद्राकाठी घुमटाचं हॉटेल, पॅरिसात काँक्रीटचं घर आणि इथे हा विटांचा बाजार. "त्या वर्षी जगाला नक्की काय बांधायचंय हेच कळत नव्हतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रोजेक्टरमध्ये स्लाइड उलटी जाऊ नये म्हणून आई प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यावर स्वतःची लाल टिकली चिकटवून द्यायची. टिकली अंगठ्याखाली आली की स्लाइड सुलट. रिटायर झाल्यावर तिन्ही इमारती दोघांनी बघायच्या ठरलं होतं. मुंबईची बघून झाली आणि आई गेली. त्यामुळे ही इमारत बाबांना दोघांच्या वाटची बघायची होती.

जाणाऱ्यांसाठी सांगते, हूफडॉर्पहून ॲमस्टरडॅम सेंट्रालला थेट गाडी आहे, आणि तिथून ट्रामच्या भानगडीत पडू नका, चालत पाच-दहा मिनिटं. वाटेत मेयोनीज घातलेले गरमागरम बटाट्याचे काप घ्या. बाबांनी मेयोनीज बाजूला सारून वर घरून आणलेलं लोणचं घेतलं. विकणारा बघतच राहिला.

चौकात पोचलो आणि बाबा थबकले.

"ही नव्हे," म्हणाले.

समोर तीन कमानी होत्या, विटा होत्या, घड्याळाचा मनोराही होता. पण मनोरा डावीकडे होता आणि बाबांना तो उजवीकडे हवा होता. मी त्यांना वळसा घालून मोठ्या रस्त्यावर नेलं. तिथून मनोरा उजवीकडे आला, पण कमानी गायब. परत चौकात. मी नकाशा फिरवला, मग स्वतः फिरले, आणि थोड्या वेळाने मलाच डावं-उजवं कळेना. एका डच बाईंनी सायकल थांबवून विचारलं, रस्ता चुकलात का? बाबांनी अदबीने इंग्रजीत सांगितलं की आम्ही बरोबर आहोत, मनोरा चुकलाय. आत जाऊन विचारावं तर हॉल कसल्याशा परिषदेसाठी बंद.

बाबा बाकावर बसले. "इतकी वर्षं मुलांना काय शिकवलं मी?" ते म्हणाले आणि काप खाताना घेतलेल्या पातळ पेपर नॅपकिनवर आठवणीतली इमारत काढायला लागले. कमानी, मग उजवीकडे मनोरा. काढून झाल्यावर नॅपकिन उन्हात धरून समोरच्या इमारतीशी ताडून बघू लागले. मी त्यांच्यासमोर उभी होते. मला चित्र मागच्या बाजूने दिसत होतं, आणि त्यात मनोरा डावीकडे होता.

"बाबा, तुमची स्लाइड उलटी होती."

"उलटी कशी असेल? तिच्यावर टिकली होती."

मग त्यांनी नॅपकिन उलटा केला, समोर पाहिलं, पुन्हा नॅपकिनकडे पाहिलं आणि हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून पुसायला लागले. परीक्षेत मनोरा डावीकडे काढणाऱ्या एका मुलीचे त्यांनी मार्क कापले होते, हेही त्यांना तेव्हाच आठवलं. नंतर आम्ही तासभर तिथेच बसलो. मला त्या इमारतीत जग बदलण्यासारखं काय आहे ते अजूनही कळलेलं नाही.

पुण्याला पोचल्यावर बाबांचा फोन आला. माळ्यावरून खोका काढून स्लाइड तपासली होती. टिकली खरंच मागच्या अंगाला होती. मी म्हटलं, मग काढा आणि पुढच्या बाजूला लावा, त्यात काय?

पलीकडे खोक्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

"तिने लावलीय ती," बाबा म्हणाले. "मनोरा राहू दे उजवीकडे."