सोनकांबळे सरांचे पुठ्ठे

सोनकांबळे सरांच्या टेबलावर कात्री, चिकटपट्टी आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची चळत कायम असायची. हॉलंडमध्ये मुलं सकाळी ब्रेडवर चॉकलेटचे बारीक दाणे भुरभुरून खातात, त्या दाण्यांच्या रिकाम्या खोक्यांतून सर या पट्ट्या कापत. हूफडॉर्पच्या ऑफिसात मी पहिल्या दिवशी गेले, तेव्हा पन्नाशीचा एक गृहस्थ स्क्रीनच्या खालच्या कडेला असा पुठ्ठा चिकटवत बसला होता. मला वाटलं, स्क्रीनला तडा गेलाय आणि साहेबांचं काहीतरी जुगाड चाललंय.

"नाव काय?" त्यांनी मागे न बघताच मराठीत विचारलं. नवीन मुलगी नागपूरची आहे, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं.

"प्रज्ञा."

"बास. आडनाव आत्ता सांगू नकोस. दिवसभर तुझं काम बघतो, मग सांग."

संध्याकाळी मी आडनाव सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "म्हणजे आपल्यातलीच निघालीस. बरं झालं, सकाळी विचारलं नाही. उगीच तुझं काम मला चांगलं वाटलं असतं."

आमचं काम ऐकून लोक हसत. हॉलंडमध्ये बसून आम्ही अमेरिकेतल्या फुटबॉलचे खेळाडू पारखायचो. हा फुटबॉल नावाला फुटबॉल, खेळायचा बहुतेक हातानं. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. प्रत्येक डाव त्याच्या हातात बॉल येऊन सुरू होतो आणि तो कुणाकडे फेकायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. तेवढ्यात समोरून रेड्यासारखी माणसं त्याला आडवं करायला धावत येतात. सगळ्या संघाचं नशीब या एका माणसावर, म्हणून आजचा क्वार्टरबॅक धडधाकट असतानाच उद्याच्या क्वार्टरबॅकचा शोध सुरू होतो. कॉलेजात खेळणाऱ्या पोरांची उंची मोजतात, हाताचा पंजा मोजतात, मुलाखती घेतात आणि दर वसंतात आपापला मुलगा उचलतात. उचलण्याआधी काही संघ आमच्यासारख्या बाहेरच्या माणसांचंही मत मागवत. मॅचच्या फिल्म्स यायच्या आणि आम्ही एकेक फेक बघून अहवाल लिहायचो.

सरांचे नियम दोन. स्क्रीनच्या खाली मुलाचं नाव, गाव, कॉलेज येत असे, त्यावर पट्टी. मुलांना ओळखायचं ते फक्त आमच्या यादीतल्या नंबरानं. दुसरा पुठ्ठा चांगला रुंद, तो हातात धरायचा आणि बॉल हातातून सुटला रे सुटला की त्यानं उरलेला स्क्रीन झाकायचा. फेक पकडली गेली की वाया गेली, ते बघायचंच नाही. "बॉल बघू नकोस," ते म्हणत. "बॉल सगळं स्टेडियम बघतं. तू त्याचे डोळे बघ. निर्णय बरोबर होता का, एवढंच आपलं काम. पुढचं नशिबाचं."

नवीन आलेल्या एका डच पोरानं एकदा सांगितलं की नावं झाकायला सॉफ्टवेअर आहे, दहा मिनिटांचं काम. सर म्हणाले, "सॉफ्टवेअरनं झाकलेलं एका क्लिकमध्ये उघडतं. पुठ्ठा काढायला हात उचलावा लागतो. तेवढ्या वेळात माणसाला लाज वाटू शकते." पोरगं हसलं. मीही तेव्हा हसले होते.

हे खूळ कुठून आलं, ते मला त्यांनी डबा खाताना सांगितलं. बाकीचे ब्रेड-चीज खात, सर घरून ज्वारीची भाकरी आणि ठेचा आणत आणि न विचारता अर्धी भाकरी माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवत. नांदेडहून पुण्याला ते एका कंपनीच्या मुलाखतीला गेले होते. पहिल्या वर्गात पास, तयारी पक्की. आधीच्या मुलाला साहेबांनी घाम फोडला होता. यांची फाइल उघडली, आडनाव वाचलं आणि साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. "मला त्यांनी आठवीतल्या पोराला विचारावं असं विचारलं. उत्तर दिलं तर 'व्हेरी गुड' म्हणाले. नोकरी दिली बरं का. पण मी ती घेतली नाही." ठेच्याचं बोट चाटून ते पुढे म्हणाले, "शिवी दिली तर माणूस उलट शिवी देऊ शकतो. सोपा प्रश्न विचारला तर काय करणार? तोसुद्धा आडनावालाच विचारलेला असतो."

या खेळातही एके काळी काळ्या मुलांना क्वार्टरबॅक करत नसत. तिथे डोकं लागतं, असं उघड बोललं जाई. सर हे सांगताना आवाज चढवत नसत. नवी पट्टी कापायला घेत.

मला तिथे तिसरं वर्ष लागलं, तेव्हा सतरा नंबर आमच्याकडे आला.

प्रत्येक अहवाल दोघं लिहीत. पहिलं वाचन सरांचं, दुसरं माझं, आणि अंतिम प्रत मी पाठवायची. सतरा नंबर सरांना फार आवडला होता. "हा घाई करत नाही. मार खाईल, पण डोळे मिटणार नाही," असं ते म्हणाले होते. पण हंगामाच्या तिसऱ्या मॅचमध्ये त्याच्या डोक्याला धक्का बसला. तो उठला, खेळला, जिंकलाही. सरांनी तिथून पुढच्या सगळ्या फेका चार-चार वेळा पाहिल्या आणि अहवालाच्या डोक्यावर लिहिलं: "तिसऱ्या मॅचमध्ये डोक्याला मार. त्यानंतर डावीकडे डोळे जात नाहीत, मान जाते. आधी डोकं तपासा, मग निवडा."

त्याच आठवड्यात नांदेडला त्यांची आई आजारी पडली आणि सर गेले. अंतिम प्रत माझ्याकडे राहिली. दुपारची वेळ होती, ऑफिसात चार माणसं होती आणि मी पट्टी काढली. ते एक वाक्य त्या मुलाची निवड बुडवणार हे दिसत होतं, आणि आपण कुणाला बुडवतोय ते मला बघायचं होतं.

नाव कळलं, मग त्याच्या गावच्या पेपरातली मुलाखत सापडली. वडील नाहीत. आई हॉटेलच्या चादरी धुते. घरात कॉलेजात गेलेला हा पहिलाच. आईला घर बांधून देणार म्हणत होता. फोटोत ती त्याच्या खांद्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हती. माझा बाप घरातला पहिला मॅट्रिक, तो ज्या मास्तरांच्या एका शेऱ्यानं वर्षभर घरी बसला त्यांचं नाव आमच्या घरी अजून कुणी घेत नाही. मी त्या मास्तरांच्या खुर्चीत बसणार नव्हते. सरांचं वाक्य काढून मी लिहिलं: "डावीकडची नजर किंचित उशिरा वळते; सरावाने सुधारेल." अहवाल पाठवला आणि त्या दिवशी मला स्वतःचा अभिमानही वाटला. पट्टी परत जागच्या जागी चिकटवली.

वसंतात आमचा अहवाल मागवणाऱ्या संघानंच त्याला उचललं. आईला मिठी मारून रडतानाचा त्याचा फोटो मी उइटहॉर्नला, माझ्या घरी, फ्रिजवर लावला.

सरांनी उन्हाळ्यात जुने अहवाल काढले, तेव्हा त्यांना कळलं. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पट्टी काढलीस ना?"

मी आईचं सांगितलं, चादरींचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्याला सोपा प्रश्न विचारलास तू," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, आपल्यातलं तरी कुणी हे करणार नाही."

त्याच दिवशी त्यांनी त्या संघाला दुरुस्ती पाठवली. चूक आमच्याकडून झाली असं लिहिलं, माझं नाव घातलं नाही. दोन ओळींचं उत्तर आलं: आभारी आहोत, नोंद घेतली आहे. "नोंद घेतली म्हणजे वाचलं नाही," सर म्हणाले. आणखी दोनदा लिहिलं, त्याला उत्तरच आलं नाही. माझ्याशी ते कामाचं सगळं बोलत राहिले. फक्त माझ्या डब्याच्या झाकणावर भाकरी ठेवणं बंद झालं.

दुसऱ्या हंगामात, सोमवारी सकाळी फिल्म आली. सतरा नंबर आता त्या संघाचा मुख्य क्वार्टरबॅक होता. सर आणि मी शेजारीशेजारी बसून बघत होतो. डावीकडून एक माणूस येत होता. तो आम्हाला दिसला, स्टेडियमला दिसला, त्या मुलाला दिसला नाही. त्याची मान वळायला सुरुवात झाली होती, तेवढ्यात धडक बसून तो पडला. पुठ्ठा सरांच्या हातातच होता. त्यांनी तो स्क्रीनवर आडवा धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

तो मेला नाही. लोक असं सांगतात तेव्हा त्यात दिलासा असतो, मला त्यात तो कधी सापडला नाही. हळूहळू बातम्या आल्या: चालतो, पण वस्तूंची नावं विसरतो. शर्टाची बटणं आई लावते. तिनं हॉटेलचं काम सोडलं आहे, कारण त्याला घरी एकटं ठेवता येत नाही.

पुढच्या वर्षी सरांचं पोट दुखायला लागलं. हाउसआर्ट्स, म्हणजे इथले घरचे डॉक्टर, आधी गोळ्या देत राहिले. मग मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. कंपनीनं त्यांना आपल्या जागेवर माणूस सुचवायला सांगितलं. सरांनी तेही त्यांच्याच पद्धतीनं केलं. आम्हा सहा जणांना एकच फिल्म दिली, अहवाल टाइप करून मागवले, आणि त्यांच्या मुलीनं त्यावर एक ते सहा नंबर टाकून नावांवर पट्ट्या चिकटवल्या. मी जे दिसलं ते लिहिलं. त्या मुलाचं काही चांगलं व्हावं, असं एकही वाक्य त्यात नव्हतं.

आठवड्यानं वहिनींचा फोन आला, सरांनी घरी बोलावलंय म्हणून. खालच्या खोलीत खिडकीपाशी दवाखान्यातला पलंग आणून ठेवला होता. सर त्यात बुडाल्यासारखे दिसत होते. छातीवर सहा कागद होते.

"चार नंबर सगळ्यात चांगला," ते म्हणाले. "चार नंबर गोड लिहीत नाही. मी निवडला आणि मग पट्टी काढली." श्वास घ्यायला ते थांबले. "तुझं नाव निघालं. खोटं कशाला बोलू, मला नको होतं."

"मग बदला, सर. मी कुणाला सांगणार नाही."

"नाव बघून बदलायचं असतं, तर इतकी वर्षं खोकी कशाला कापली असती?"

वहिनींनी चहा आणला, तो तसाच राहिला. मला जे विचारायचं होतं ते मी शेवटी विचारलं. "सर, मला माफ केलंत का?"

त्यांनी छातीवरचे कागद बाजूला ठेवले. "माझं काय नुकसान केलंस तू? मी कोण माफ करणारा?" मग म्हणाले, "त्या बाईला कुणी सांगितलंय का, की हे आधी कुणाला तरी दिसलं होतं? माझी पत्रं संघाच्या ऑफिसात पडली. तिला माहीत असायला हवं. तिच्या मुलाचा दोष नव्हता, एवढं तरी."

सर बारा दिवसांनी गेले. दाहिनीत आम्हाला पाऊण तास मिळाला होता. त्रिशरण-पंचशील झालं, ऑफिसातली डच मंडळी मान खाली घालून उभी होती. मुलगी डचमध्ये बोलली आणि शेवटी "बाबा" एवढंच मराठीत म्हणाली. मला मोठ्यानं रडायचं होतं, पण तो हक्क मला आहे असं वाटलं नाही.

आता मी त्यांच्या खुर्चीत बसते. खोकी मी घरून नेते, पट्ट्या स्वतः कापते. नवीन मुलं हसतात, मी हसू देते. फ्रिजवरचा फोटो काढून मी सरांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आहे.

त्या आईला मी तीनदा पत्र लिहायला बसले आणि तीनही वेळा फाडलं. दरवेळी सुरुवात मऊ व्हायची. तुमच्या मुलाचा खेळ मला फार आवडायचा, माझा हेतू चांगला होता, आमच्याकडेही असंच झालं होतं. काल चौथ्यांदा बसले. या वेळी वरचं वाक्य माझं नाही, सरांचं आहे: तिसऱ्या मॅचमध्ये डोक्याला मार. त्यानंतर डावीकडे डोळे जात नाहीत, मान जाते. आधी डोकं तपासा, मग निवडा.

त्याखाली लिहिलं, हे वाक्य मी काढलं. आणि माझं नाव, आडनावासकट. आज सकाळी ऑफिसला जाताना ते पत्र पेटीत टाकलं.